एक दगड व्हिनेगरला फसफसतो, बाकीचे तीन गप्प आहेत. माशांच्या टाकीत कुठले टाकू?

दोनफुटी

नमस्कार मंडळी. वाचायला रोज येतो, लिहितोय पहिल्यांदाच. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी टाकी दोन फुटी आहे, पाणी साधारण ६० लिटर. सात महिने झाले. अकरा निऑन टेट्रा, पाच कोरी (तळाशी फिरणारे मिशाळ मासे), आणि लाल चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या) किती ते आता मोजता येत नाही. खाली बारीक वाळू, मागे व्हॅलिस्नेरियाची पाणवनस्पती, डाव्या कोपऱ्यात लाकूड. उजवी बाजू अगदी ओकीबोकी दिसते, म्हणून तिथे दगडांची रास रचायची आहे.

परवा एका आटलेल्या ओढ्यात उतरलो आणि चार दगड उचलून आणले. (बॅगेचा पट्टा तुटला, तो वेगळा विषय.) पहिला काळा, गुळगुळीत, आकाराच्या मानाने भलताच जड. दुसरा पण काळाच, पण त्याला भोकं भोकं आहेत आणि बऱ्याच भोकांमध्ये पांढरं काहीतरी भरलंय, उन्हात चमकतं. मला सगळ्यात आवडलेला हाच. तिसरा चपटा, निळसर करडा, थरावर थर असलेला. चौथा पिवळट, त्यावर गंजासारखे तांबूस पट्टे.

फसफसला तर दगडात चुना असतो आणि तो विरघळून पाणी कडक करतो, असं इथेच वाचून व्हिनेगर टाकून पाहिलं. पहिला गप्प. दुसऱ्याच्या काळ्या भागावर काही नाही, पण पांढऱ्यावर थेंब पडला की फसफस, कानाजवळ धरलं तर बारीक चर्र असा आवाज पण येतो. तिसरा गप्प. चौथ्याने व्हिनेगर पिऊन टाकलं, चार-पाच बुडबुडे आले आणि थांबले. आता ही फसफस म्हणायची की नाही?

पुढे आणखी घोळ झाला. चारही दगड एका बादलीत घालून रात्रभर ठेवले. आधी पीएच ७.० होता, सकाळी ७.६. म्हणजे सगळेच वाईट का? घरात सल्ला मिळाला की कुकरमध्ये घालून उकळ, सगळे जंतू मरतील. कुकर काढलाय, पण धीर होत नाहीये. काय करू?

निवांत_गप्पी

एवढा विचार करायचा नसतो राव. मी तेरा वर्षं बाहेरचे दगड टाकतोय. ब्रशने घासायचे, नळाखाली धरायचे, टाकायचे. व्हिनेगर-बिनेगर काही नाही. माझ्या टाकीत तर सरळ सरळ चुनखडीचा हाताएवढा दगड आहे, चार वर्षं झाली, गप्पी आणि मॉली पिलांवर पिलं देतायत. ओढ्यात मासे असतातच की, त्यांना कोण व्हिनेगर लावून देतं?

काचेपलीकडे

आधी तो कुकर जागेवर ठेव. बाकीचं नंतर बोलू.

दगड दिसतो घट्ट, पण त्याच्या भेगांत आणि थरांत पाणी शिरलेलं असतं, ओढ्यातल्या दगडात तर हमखास. ते आतल्या आत तापून वाफ झालं की त्याला सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. जागा मिळाली नाही तर ते करून घेतं. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. सुरुवातीच्या काळात एक चपटा दगड धुतला आणि लवकर सुकावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. मी शेजारच्या खोलीत असताना दणका ऐकू आला. दगडाचे सहा तुकडे, ओव्हनच्या आतल्या काचेला आरपार तडा, आणि एक नखाएवढी कपची जाळीच्या तारेत अशी रुतलेली की पक्कड लावून काढावी लागली. दार उघडायला पाच मिनिटं आधी गेले असते तर ती कपची कुठे रुतली असती याचा विचार मी अजूनही करते.

कुकरमध्ये तर पाणी शंभर अंशांच्या वर जातं, आणि दाब सोडला की दगडाच्या आत अडकलेलं पाणी एकदम उसळतं. वर दगडातून सुटलेली कच शिट्टीच्या भोकात बसली तर आणखीनच छान. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह नाही, कुकर नाही, थेट आचेवर नाही.

दगडातला जीव मारायला एवढ्या आगीची गरजही नसते. आपल्याला नको असतात त्या गोष्टी म्हणजे जळवा, चतुराच्या अळ्या, गोगलगाईंची अंडी, आणि वरचं शेवाळ-दगडफूल, जे टाकीत मरून कुजतं आणि अमोनिया वाढवतं. प्लास्टिकच्या ताठ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घास, भोकं आणि चिरा जुन्या टूथब्रशने. तारेची घासणी वापरू नकोस, तिची टोकं तुटून भोकांत बसतात आणि गंजतात. साबण तर अजिबात नाही. मग दगड एका स्टीलच्या भांड्यात ठेवून आधी कोमट आणि त्यानंतर कडकडीत पाणी वरून ओत, झाकून गार होऊ दे. असं दोन-तीनदा. शेवटी कडक उन्हात दोन आठवडे वाळत टाक आणि मधेमधे उलटव. पाण्यातले जीव कोरडेपणाने जेवढे मरतात तेवढे कशाने मरत नाहीत.

आता तुझा पीएच. नळाच्या पाण्यात बरेचदा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी उघडं राहिलं की तो उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो, बादलीत दगड असो नसो. ७.० चा ७.६ नुसत्या उभ्या पाण्याचाही होऊ शकतो. तू चार दगड एकत्र ठेवलेस आणि जोडीला रिकामी बादली ठेवली नाहीस, त्यामुळे त्या रात्रीतून काहीच कळलं नाही. पुन्हा कर, पण असं: प्रत्येक दगडाला वेगळं भांडं, आणि एक भांडं नुसत्या पाण्याचं. सगळ्यांत एकाच वेळी एकाच नळाचं पाणी, दगड बुडेल एवढंच. सगळ्यांवर झाकण, नाहीतर पाणी आटून आकडे उगाच वर जातात. दोन आठवडे थांब. आणि पीएच बघत बसू नकोस, केएच (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) आणि जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, म्हणजे पाण्याचा एकूण कडकपणा) मोज. थेंबांची किट मिळते, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक अंश. पट्ट्यांवर मी या कामासाठी विसंबत नाही, त्यांच्या दोन रंगांच्या मधे तुझं उत्तर हरवेल.

चौथ्या दगडाचं सांगते. कोरडा, सच्छिद्र दगड ओला झाला की आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. साध्या पाण्यानेही येते. म्हणून आधी तो दगड अर्धा तास पाण्यात बुडवून ठेव, बाहेर काढून पुसून घे, मग व्हिनेगर टाक. तरीही बुडबुडे आले तर ती फसफस.

दुसऱ्या दगडाबद्दल रात्री लिहिते, तो एवढ्यात संपणारा विषय नाही. आणि @निवांत_गप्पी, तुमच्याशीही बोलायचंय.

कातळवेडा

दगड हाच माझा शिक्षणाचा विषय, म्हणून तोंड घालतो. फोटो नसताना छातीठोक सांगणं चूक, पण वर्णन छान केलंयस.

१ आणि २ दोन्ही बेसाल्ट वाटतात. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे फुगे अडकून राहतात, तीच ही भोकं. पुढे हजारो-लाखो वर्षं खनिजं घेऊन मुरणारं पाणी त्या पोकळ्या भरत जातं. भरण्यात साधारण तिघं असतात: कॅल्साइट, झिओलाइट आणि गारेच्या जातीचे दगड, म्हणजे क्वार्ट्झ वगैरे. तिन्ही पांढरे असू शकतात, तिन्ही चमकतात. चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघ. गारेला चाकू लागत नाही, उलट पात्यावरच रेघ उमटते. कॅल्साइट आणि झिओलाइट दोन्हींवर ओरखडा पडतो, पण फसफसतं ते कॅल्साइट. तुझं फसफसतंय, म्हणजे कॅल्साइट. फुटलेल्या कडेला भिंग लाव, तिरक्या ठोकळ्यांसारखे सपाट चकचकीत तुकडे दिसतील.

एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. थेंब दगडाच्या जुन्या, झिजलेल्या सालीवर टाकतात. तिथे माती, शेवाळ, गंजाचा थर, काहीही असतं. खिळ्याने खरवडून ताजी जागा उघडी कर आणि निघालेल्या भुकटीवर थेंब टाक. डोलोमाइट नावाचा चुनखडीचा भाऊ आहे, तो अखंड असताना व्हिनेगरला जवळजवळ दाद देत नाही, भुकटी केली की हळूहळू बोलायला लागतो.

३ बद्दल शंका आहे. निळसर करडा आणि थरांचा म्हणजे स्लेट (जुन्या पाटीचा दगड) किंवा शेल. खिळ्याने टिचकी मार. स्लेट खणखणीत वाजते, शेल बदबदतो. ओल्या शेलला मातीचा वास येतो आणि तो पाण्यात राहून पुन्हा चिखल व्हायला बघतो. ४ वालुकाश्म असावा. तांबूस पट्टे लोहाच्या ऑक्साइडचे, त्यांची भीती नको, ते पाण्यात विरघळत नाहीत. भीती हिरव्या-निळ्या डागांची, कारण ते तांब्याचे असू शकतात आणि तांब्याने श्रिंप आणि गोगलगाई आधी जातात. सोनेरी, धातूसारखे चमकणारे ठिपके असले तरी दगड नको: तो पायराइट असेल तर हवा-पाणी लागून गंधकाचं आम्ल सोडतो. अभ्रकाची चमक वेगळी, नखाने पापुद्रा सुटतो, ते चालतं.

काचेपलीकडे

आले परत. कातळवेडांनी माझं अर्धं काम केलं.

@निवांत_गप्पी, तुमच्या टाकीचा केएच किती आहे? माझा अंदाज, दहाच्या पुढे.

निवांत_गप्पी

कधी मोजला नव्हता. तुमच्यामुळे पुतण्याची किट आणून आत्ता मोजला. थेंब मोजता मोजता कंटाळा आला. १३. नळाच्या पाण्याचाही १२.

काचेपलीकडे

तेच म्हणायचं होतं. तुमच्या पाण्यात आधीच एवढा चुना आहे की दगडातून आणखी विरघळायला जागाच उरलेली नाही. तुमची चुनखडी चार वर्षं नुसती बसून आहे. गप्पी-मॉलींना असलंच पाणी आवडतं. मलावी, टांगानिका या तळ्यांतले सिक्लिड मासे पाळणारे तर असले दगड मुद्दाम शोधून टाकतात. पण तोच तुमचा दगड माझ्या टाकीत आला तर काय होतं ते सांगते, कारण मी तो घोळ घालून बसले आहे.

क्रिस्टल रेड श्रिंपची टाकी लावली होती. खाली पाणी आम्लधर्मी ठेवणारी अ‍ॅक्टिव्ह सॉइल, वर आरओचं पाणी, त्यात मोजून क्षार, केएच शून्य. नऊ महिने सगळं घड्याळासारखं चाललं. मग मला एक करडा, पांढऱ्या शिरांचा दगड सापडला. इतका देखणा की मी त्याला दोन दिवस टेबलावर ठेवून नुसता बघत होते. व्हिनेगर टाकलं होतं हो! पण पाठीवर, जिथे जुनी साल होती. गप्प राहिला. धुतला, सुकवला, टाकला.

पहिला महिना काही नाही. सॉइल मूकपणे मार खात होती, दगड चुना सोडतोय आणि ती तो शोषतेय. मग तिची ताकद संपली. सहाव्या आठवड्यात एका श्रिंपची कात अर्धवट निघालेली दिसली, मानेपाशी पांढरी कडी, आणि ती तशीच मेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मी तापमान बघतेय, अमोनिया बघतेय, खाणं बदलतेय, दगडाकडे मात्र बोटसुद्धा दाखवत नाहीये. केएच मोजायचं सुचेपर्यंत चाळीसपैकी बारा उरल्या होत्या. केएच ४ निघाला. दगड बाहेर काढून शिरेवर खिळा फिरवला, थेंब टाकला, आणि तो असा फसफसला की मला त्याच्याकडे बघवेना.

चार म्हणजे किती? तुमच्या १३ पुढे काहीच नाही. निऑन चार अंशात मजेत राहतात. त्या बिचाऱ्यांना मात्र तेवढं पुरलं. म्हणून दगड वाईट का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, कोणाच्या पाण्यात?

आता @दोनफुटी, तुझा दुसरा दगड. एक हिशोब करून बघ. केएचचा एक अंश म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तुझ्या ६० लिटरमध्ये केएच एका अंशाने चढायला जेमतेम एक ग्रॅमच्या वर विरघळावं लागतं, म्हणजे त्या भोकांतला एखादा दाणा. ऐकायला भयंकर वाटतं, पण तू दर आठवड्याला पाणी बदलतोस ना? जे विरघळतं त्यातलं काही प्रत्येक वेळी बाहेर जातं. शिवाय पाणी जसजसं कडक होतं तसतसं विरघळणं मंदावतं. फक्त झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर लावला असशील तर वेगळं, कार्बन डायऑक्साइड असलेलं पाणी कॅल्साइटला भराभर खातं. लावलायस का? आणि नळाचा केएच किती?

दोनफुटी

सीओटू नाही. किट मागवली, आज आली. नळाचं पाणी केएच २, जीएच ३. मऊ म्हणायचं ना हे?

चौथा दगड भिजवून पुन्हा व्हिनेगर टाकलं. एकही बुडबुडा नाही! साध्या पाण्याचे थेंब कोरड्या जागी टाकले तर तेच चार-पाच बुडबुडे. हसावं की रडावं कळेना. तिसऱ्यावर टिचकी मारली, मला तरी तो बदबदल्यासारखा वाटला, पण माझा कान काही खास नाही. पाच भांडी लावून ठेवलीत, झाकणांवर नंबर टाकलेत. घरातली सगळी मोठी भांडी गेली म्हणून बोलणी खातोय.

तोवर दोन शंका. ब्लीचमध्ये बुडवतात असं वाचलं, करावं का? आणि एवढा जड दगड काचेवर ठेवायची भीती वाटते.

काचेपलीकडे

केएच २ म्हणजे मऊच. या पाण्यात तुझा दुसरा दगड काहीतरी बोलेल. बघू किती बोलतो ते.

ब्लीच: ओढ्याच्या वरच्या अंगाला शेत, कारखाना, गुरांचा पाणवठा असं काही असेल तर ब्लीचने काम होत नाही, कारण कीटकनाशक आणि तेल ब्लीचने जात नाही. असले दगड आणायचेच नाहीत. रेल्वे रुळांजवळची खडी तर कोणी फुकट घरपोच दिली तरी नको. नुसत्या जीवजंतूंसाठी करायचं असेल तर पहिल्यासारख्या घट्ट दगडाला चालेल: बिनवासाचं साधं ब्लीच, एक भागाला वीस भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं, मग भरपूर धुणं, मग क्लोरीन काढणारं औषध दुप्पट घातलेल्या पाण्यात एक दिवस, मग ऊन. नाकाला वास येतोय तोवर टाकीत नाही. चौथ्यासारख्या सच्छिद्र दगडाला ब्लीच दाखवूही नकोस, तो पिऊन ठेवतो आणि सावकाश परत देतो.

आणि हे नीट वाच. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकाच दगडावर, एकाच बादलीत, एकामागोमाग नाही. क्लोरीन वायू सुटतो. तू ज्या दगडांवर आत्ता व्हिनेगर टाकलंयस ते आधी खळखळून धुऊन घे. फसफस नीट दिसावी म्हणून काही जण संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरतात, त्याने कळतं लवकर हे खरं, पण हातमोजे-चष्मा न घालता बंद बाथरूममध्ये करणारे पाहिले की माझा जीव वर-खाली होतो.

वजन: बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. पाच किलोचा दगड पाण्यात साधारण सव्वातीन किलोचा वाटतो, म्हणजे एकूण वजनाला तळ दबत नाही. काच फुटते ती टोकाने. दगडाचा एक कोपरा थेट काचेवर टेकला आणि त्यात वाळूचा कण अडकला की झालं. म्हणून वाळू बाजूला सारून तळाला पातळ फोमचा तुकडा, त्यावर दगड, आणि मग भोवती वाळू. वाळूवर दगड ठेवलास तर कोरी खालची वाळू उकरत राहतात आणि एखाद्या रात्री रास कलंडते. एकावर एक रचणार असशील तर पाण्याबाहेर रचून बघ, दोन्ही हातांनी हलव, जरासुद्धा डुगडुगलं तर सिलिकॉन लाव, बुरशीरोधक न मिसळलेलं, आणि दोन दिवस वाळू दे.

दुसऱ्या दगडाच्या भोकांवरून जुना पातळ मोजा फिरव. जिथे अडकतो तिथे कोरीच्या मिशा अडकतील. ती धार दुसऱ्या दगडाने घासून मार. आणि भोकांत करंगळी घालून बघ, निऑन शिरेल पण वळू शकणार नाही असं एखादं असेल तर बुजव.

खारंपाणी

एकच भर घालतो, विषय निघालाच आहे तर. समुद्रातले दगड घरी आणून उकळू नका. प्रवाळांच्या टाक्यांत जे 'लाइव्ह रॉक' असतात त्यांवर कधी कधी झोअँथिड नावाचे बटणासारखे जीव असतात, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे विष असतं. असे दगड उकळल्यावर किंवा खसाखसा घासल्यावर त्या वाफेने-तुषारांनी घरची माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. गोड्या पाण्यातल्या दगडांना हे लागू नाही, पण लोक 'दगड उकळा' एवढंच लक्षात ठेवतात.

निवांत_गप्पी

बापरे. हे माहीत नव्हतं. मी आपला नळाखाली धरणाराच बरा. 🙂

दोनफुटी

मंडळी, सोळा दिवस झाले. भांडी परत द्यायची आहेत, त्यामुळे आज निकाल.

नुसतं पाणी: केएच २, जीएच ३, जसंच्या तसं. पीएच मात्र तिथेही ७.० वरून ७.५ झाला, ताईंनी सांगितलं होतं तसं.

पहिला (घट्ट काळा): केएच २, जीएच ३. पाणी आरशासारखं.

दुसरा (पांढऱ्या भोकांचा): केएच ४, जीएच ५. पीएच ८ च्या आसपास.

तिसऱ्याची कथा वेगळी. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर पाणी करडं. हात घातला आणि वरचा थर पत्त्यासारखा हातात आला. खाली बोटभर गाळ. वास घेतला, तो ओल्या मातीचा. केएच मोजलाच नाही.

चौथ्याचे आकडे नुसत्या पाण्याएवढेच. पण तळाला रोज चिमूटभर वाळू जमते, अंगठ्याने चोळलं तरी दाणे सुटतात. टाकीत टाकला तर वर्षाने नुसते पट्टे उरतील असं वाटतं.

म्हणजे गंमत बघा, व्हिनेगरला गप्प राहिलेल्या तिघांतले दोन बाद झाले. फसफसणाऱ्याचं काय करायचं?

कातळवेडा

केएच आणि जीएच दोन्ही बरोब्बर दोन-दोन अंशांनी चढलेत. कॅल्साइट विरघळतो तेव्हा असंच होतं, दोन्ही हातात हात घालून वर जातात. मस्त प्रयोग झाला. तिसऱ्याबद्दल माझी सहानुभूती, पण तुझा कान चांगला आहे.

काचेपलीकडे

भांड्यात दगड जेमतेम बुडेल एवढं पाणी होतं, तिथे सोळा दिवसांत दोन अंश. टाकीत पाणी कितीतरी पट जास्त, वर दर आठवड्याला बदल. निऑनना त्रास व्हायचं कारण नाही. चेरी श्रिंपला तर केएच २ पेक्षा ३-४ मध्ये जास्त बरं, त्यांना कवचासाठी कॅल्शियम लागतंच. माझ्या क्रिस्टल रेडची गोष्ट तुझ्या टाकीला लागू नाही. टाक. पण पहिले दोन महिने दर आठवड्याला पाणी बदलायच्या आधी केएच मोज आणि वहीत लिही. पाचाच्या पुढे सरकायला लागला तर दगड बाहेर. आणि पुढेमागे सीओटू लावायचा विचार केलास तर आधी हा दगड आठव.

पहिल्या काही आठवड्यांत त्यावर तपकिरी थर चढेल, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, पुसत बसू नकोस.

दोनफुटी

टाकला! खाली फोम, पहिला काळा दगड मागे, दुसरा त्याला टेकवून पुढे. मोजा दोन ठिकाणी अडकला होता, तिथे घासून घेतलं. तीन आठवड्यांचे केएच: २, ३, ३.

तपकिरी थर पाचव्या दिवशी आला. निऑननी दगडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कोरी त्याच्या सावलीत झोपतात. श्रिंप मात्र सगळ्या तिकडेच. त्यातही काळ्या भागावर कमी, पांढऱ्या भोकांत एकेक जण बसलेली, पुढच्या पायांनी सारखं काहीतरी वेचत. काल रात्री टॉर्च मारून मोजल्या, एकोणतीसपर्यंत आलो आणि एकीने उडी मारली.